मागचा वायपर काढून त्याचे भोक पक्के बुजवण्याची पद्धत

गाडीचा मागचा वायपर काढायला हात बसलेल्या माणसाला अर्धा तास पुरतो. वायपरने मागे ठेवलेले भोक नीट बुजवायला मात्र दोन दिवस द्यावे लागतात. बहुतेक लोक हा हिशेब उलटा धरतात, आणि म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात वायपर काढलेल्या अनेक गाड्यांच्या डिकीत पहिल्याच पावसाळ्यात पाणी साचते. हा लेख स्वतःच्या हाताने हे काम प्रथमच करू पाहणाऱ्यांसाठी आहे. त्यात काढण्याच्या भागापेक्षा बुजवण्याच्या भागाला अधिक जागा दिली आहे, कारण चूक तिथेच होते आणि ती महिनोन् महिने दिसत नाही.

काढण्यापूर्वीचा विचार

मागे सरळ उभी काच असलेल्या हॅचबॅक गाड्यांना मागचा वायपर असतो आणि लांब डिकीच्या सेदान गाड्यांना बहुधा नसतो. गाडी वेगात असताना उभ्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, चाकांनी उडवलेला चिखल आणि पाण्याचे तुषार त्या पोकळीत ओढले जातात व काचेवर बसतात. सेदानच्या तिरप्या काचेवरून हवा वाहत जाते, त्यामुळे ती काच त्या मानाने स्वच्छ राहते. चिकोडी, रायबाग, अथणी भागात गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांमुळे रस्त्यावर पडणारी काळी माती, आणि जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाकडे जाताना उडणारे तांबड्या मातीचे पाणी ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्यांची गाडी खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे रोज फिरते, त्यांनी चालू असलेला वायपर केवळ दिसण्यासाठी काढू नये.

वायपर जाम झाला असेल तरीही आधी दुरुस्तीचा प्रयत्न करावा. मागच्या वायपरचा पोलादी दांडा मोटारीच्या ॲल्युमिनियमच्या नळीतून बाहेर येतो. वर्षभर न वापरल्यास त्या नळीत पाणी शिरून पांढरट गंज धरतो आणि दांडा अडकतो. अशा वेळी लोक मोटार जळाली असे समजतात. प्रत्यक्षात गंज सोडवणारे पातळ तेल दांड्याच्या मुळाशी रात्रभर मुरू दिले, दांडा हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवून मोकळा केला आणि जुने ग्रीस पुसून नवे भरले, तर कित्येक मोटारी पुन्हा चालतात. मोटार खरोखर जळाली असेल, दांड्याभोवतीचे रबर फाटून पाणी आत येत असेल, किंवा नवा भाग मिळतच नसेल, तेव्हा काढणे योग्य.

कायद्याच्या बाजूने, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील वायपरची सक्ती समोरच्या काचेसाठी आहे. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर मात्र हे काम पुढे ढकलावे.

काम मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात किंवा त्याआधी करावे. वळवाचे पाऊस बेळगावात अचानक दुपारनंतर येतात, आणि मृग नक्षत्र लागल्यावर खानापूरकडे पत्रा कोरडा ठेवणेच अवघड होते.

आपल्या गाडीचे भोक कोणत्या प्रकारचे आहे

हे आधी ओळखावे, कारण पुढची सगळी पद्धत त्यावर ठरते. काही गाड्यांत दांडा काचेच्या खाली किंवा वर, डिकीच्या दाराच्या पत्र्यातून बाहेर येतो. काही गाड्यांत तो थेट काचेतून येतो आणि मोटारही काचेलाच धरलेली असते. तिसऱ्या प्रकारात मोटार आतल्या पत्र्याला बोल्टांनी बसवलेली असते, पण दांडा काचेतील भोकातून बाहेर डोकावतो आणि मध्ये जाड रबरी कडे असते. तिसऱ्या प्रकारात बुजवायची भोके दोन असतात हे नवखा माणूस विसरतो. बाहेरचे काचेतले भोक बंद करून तो समाधान मानतो, आणि कडेने शिरलेले थोडे पाणी आतल्या पत्र्यातील उघड्या भोकातून डिकीत उतरते.

हत्यारे आणि साहित्य

८, १० आणि १३ नंबरच्या गोट्या (सॉकेट) व पाने, घट्ट बसलेला भाग ओढून काढणारा लहान दोन पायांचा पुलर, प्लास्टिकची चपटी पट्टी, पक्कड, कापडी चिकटपट्टी, बारीक माप घेणारा व्हर्नियर कॅलिपर आणि टॉर्च एवढ्यात काढण्याचे काम होते. बुजवण्यासाठी ८० व १८० नंबरचा पॉलिश कागद, प्रायमर, गाडीच्या रंगाची लहान बाटली, आयसोप्रोपिल अल्कोहोल, समोरची काच चिकटवायला वापरतात ते पॉलियुरेथेन सीलंट, आणि भोकाच्या मापाचे झाकण लागते. झाकण आणि सीलंट हातात आल्याशिवाय वायपरला हात लावू नये. मापासाठी गाडी उघडावी लागणारच असेल, तर दोन-तीन दिवस पावसाची लक्षणे नाहीत हे पाहून काम हाती घ्यावे.

दांडा, आतले पॅनेल आणि मोटार काढणे

गाडी सपाट जागी उभी करून चावी काढावी आणि बॅटरीची ऋण बाजूची तार १० नंबरच्या पान्याने सोडवावी. इथे एक सूचना लक्षात ठेवावी. ज्या गाड्यांत डिकीचे दार विजेच्या बटणावर उघडते, त्यांत बॅटरी सोडवल्यानंतर दार लावून घेऊ नये, नाहीतर ते बाहेरून उघडणार नाही. दार आधी पूर्ण उघडून ठेवावे आणि मगच बॅटरीकडे वळावे. दाराला आधार देणारे गॅसचे दांडे जुने व ढिले असतील तर दाराखाली लाकडी टेका द्यावा.

वायपरच्या मुळाशी असलेले प्लास्टिकचे टोपण नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने वर उचलल्यावर आत नट दिसतो. तो १० किंवा १३ नंबरचा असतो. नट पूर्ण काढून टाकू नये, दोन-तीन आटे अडकलेले ठेवावेत. वायपरचा हात दांड्यावरील निमुळत्या दातांवर घट्ट बसलेला असतो. तो सुटताना झटक्याने उसळतो आणि नट अडकलेला असल्यास आपल्या बोटांना किंवा काचेला मार लागत नाही. वायपरचा हात आधी हलकेच डावीकडे-उजवीकडे डोलवून पाहावा. न निघाल्यास तेल सोडून पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि मग पुलरचे दोन पाय हाताच्या मुळाखाली अडकवून मधला स्क्रू दांड्याच्या टोकावर हळूहळू आवळावा. स्क्रू ड्रायव्हर काचेवर टेकवून उचकटण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. मागची काच कडक केलेली असते आणि एका बिंदूवर जोर पडला की तिचा क्षणात चुरा होतो. माझ्या डोळ्यांदेखत एका शेजाऱ्याची काच अशीच गेली, आणि शंभर रुपयांच्या पुलरपायी वाचवलेला खर्च नव्या काचेत कितीतरी पटींनी गेला.

हात निघाल्यावर काही गाड्यांत दांड्याभोवती मोठा चपटा नट आणि रबरी वायसर दिसतो. तो बाहेरूनच सोडवून वायसरसह बाजूला ठेवावा.

आता आतले पॅनेल. मुठीच्या खळग्यात, लहान टोपणांखाली, एक-दोन स्क्रू लपलेले असतात, ते आधी शोधावेत. उरलेले पॅनेल क्लिपांवर बसलेले असते. खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून प्लास्टिकची पट्टी क्लिपेच्या अगदी जवळ घालावी आणि एकेक क्लिप सोडवावी. थंडीत सकाळी प्लास्टिक ठिसूळ असते, म्हणून हे काम ऊन वर आल्यावर केल्यास क्लिपा कमी तुटतात. पॅनेलमागे पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असल्यास तो फाडू नये. पाणी अडवण्यासाठीच तो तिथे असतो, आणि शेवटी तो परत जसाच्या तसा चिकटवायचा आहे.

मोटारीला जोडलेल्या तारांचा जोड त्याची खिटी दाबून ओढावा. तारा धरून ओढू नयेत. तारा कापणे तर पूर्ण वर्ज्य समजावे, कारण उद्या वायपर परत बसवायचा झाला तर हाच जोड कामी येतो. सुटलेल्या जोडाचे तोंड कापडी चिकटपट्टीने गुंडाळून ते खाली झुकलेले राहील अशा रीतीने मूळ तारांच्या जुडीला बांधावे, म्हणजे त्यात पाणी साचणार नाही आणि तो पत्र्यावर खडखडणारही नाही. मोटार साधारणपणे तीन बोल्टांवर असते. शेवटचा बोल्ट सोडवताना मोटार दुसऱ्या हाताने धरावी. ती बाहेर आल्यावर दांड्याभोवतीचे रबरी कडे बाहेरच्या बाजूने ढकलून काढावे.

काही जण मोटार तशीच ठेवून केवळ हात काढतात आणि उरलेल्या दांड्यावर रबरी टोपी बसवतात. एका पावसाळ्यापुरता हा उपाय चालतो. पण ज्या रबरातून पाणी येते म्हणून काम काढले तेच रबर तिथे राहत असेल, तर या उपायाला अर्थ नाही.

वायपर रिव्हर्स गियर टाकताच आपोआप चालणारा असेल, किंवा त्याला स्वतंत्र फ्यूज असेल, तर गाडीच्या पुस्तिकेत पाहून तो फ्यूज काढावा. तोच फ्यूज मागची काच गरम करणाऱ्या तारांचा किंवा दुसऱ्या एखाद्या दिव्याचा असेल तर तो जागेवरच राहू द्यावा.

पाण्याची नळी

या भागाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. मागच्या काचेवर पाणी उडवणारी बारीक नळी पुढच्या टाकीपासून छताच्या अस्तरामागून डिकीच्या दारापर्यंत येते, आणि काही गाड्यांत ती मोटारीच्या पोकळ दांड्यातून बाहेर निघते. मोटार काढल्यावर ही नळी मोकळी लोंबते. पुढे कधीतरी चुकून स्टीअरिंगजवळची पाणी उडवणारी दांडी ढकलली गेली की टाकीतले पाणी दाराच्या आत किंवा छताच्या अस्तरात जाते, आणि मालक आपले भोक गळते आहे असे समजून पुन्हा सीलंट फासत बसतो.

अनेक गाड्यांत एकच पंप उलट-सुलट फिरून पुढे व मागे पाणी देतो, म्हणून पंपाची तार काढता येत नाही. सर्वांत चांगला उपाय म्हणजे टाकीजवळच, मागच्या काचेकडे जाणाऱ्या नळीचे तोंड पंपावरून सोडवून पंपाच्या त्या टोकावर घट्ट रबरी टोपी बसवावी आणि तिला बारीक क्लॅम्प लावावा. तिथे हात पोहोचत नसेल तर मागच्या टोकाला नळीत घट्ट बसणारा प्लास्टिकचा खुंटा घालून क्लॅम्प आवळावा. नळी नुसती दुमडून दोऱ्याने बांधू नये. उन्हाळ्यात ती मऊ होते आणि गाठ सुटते.

पत्र्यातील भोक बुजवणे

भोकाचे माप व्हर्नियरने आडवे आणि उभे असे दोन्हीकडून घ्यावे. दोन मापे वेगळी आली तर भोक पूर्ण गोल नाही. अनेक भोकांना दांडा फिरू नये म्हणून एका बाजूला सपाट कड किंवा लहान खाच असते, आणि बाजारात मिळणारे गोल रबरी बूच त्या खाचेपाशी बसत नाही. तिथूनच पाणी येते.

प्रथम कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानात चॅसी क्रमांक देऊन विचारावे. ज्या गाडीच्या खालच्या मॉडेलला मागचा वायपर नसतो पण पत्र्याचा साचा एकच असतो, तिच्यासाठी त्याच भोकाचे बूच कारखानाच बनवतो. ते मिळाले तर इतर कशाच्या मागे लागू नये.

ते न मिळाल्यास बेळगावकरांना एक सोय आहे जी इतर ठिकाणी सहज नसते. उद्यमबागेत लेथ चालवणारी कितीतरी लहान वर्कशॉप आहेत. तिथल्या मेस्त्रींकडून काळ्या नायलॉनच्या सळईतून अळंबीच्या आकाराचे बूच कातून घ्यावे. त्याचे डोके भोकापेक्षा १५ ते २० मिलीमीटर मोठे, डोक्याची कड बाहेरच्या बाजूने निमुळती, बुंधा भोकात जेमतेम सैल बसणारा, आणि मधोमध ८ मिलीमीटरच्या बोल्टाचे आटे पाडलेले असावेत. आतून मोठी चकती आणि बोल्ट लावून ते आवळायचे. ॲल्युमिनियमपेक्षा नायलॉन मला अधिक पसंत आहे. रंग खरवडलेल्या लोखंडी पत्र्याला ॲल्युमिनियम ओले होऊन टेकले की दोन धातूंच्या फरकामुळे गंजण्याची क्रिया सुरू होते, नायलॉनमध्ये तो प्रश्नच येत नाही. पांढरे नायलॉन मात्र घेऊ नये, ते उन्हात पिवळे पडते आणि ठिसूळ होते. डोक्याखाली ३ मिलीमीटर जाडीची ईपीडीएम रबराची चकती कापून घालावी. दारे-खिडक्यांच्या पट्ट्यांत वापरले जाणारे हे रबर ऊन-पावसाला चांगले तोंड देते.

बूच तयार होईपर्यंत पत्र्याची तयारी करावी. भोकाच्या कडेला बोट फिरवून पाहिल्यास तांबूस भुकटी हाताला लागते. ती सगळी, आणि फुगलेल्या रंगाचा शेवटचा फोडही, ८० नंबरच्या कागदाने उघड्या चकाकत्या पत्र्यापर्यंत घासावा, मग १८० नंबरने गुळगुळीत करावा. घासताना पडणारी भुकटी दाराच्या आत साचू नये म्हणून खाली ओला कपडा धरावा. अल्कोहोलने पुसून कोरडे झाल्यावर प्रायमरचे दोन पातळ हात आणि वर गाडीचा रंग द्यावा. पेट्रोल किंवा डिझेलने पुसू नये, त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर काहीही धरत नाही. रंगाला निदान एक पूर्ण दिवस वाळू द्यावे. या एका दिवसाची घाई बहुतेकांना होते, आणि ओल्या रंगावर आवळलेले बूच रंगासकट सरकते.

आता सीलंटविषयी, कारण माझे स्वतःचे नुकसान इथेच झाले. पूर्वीच्या गाडीचे भोक मी एका गॅरेजमध्ये बुजवून घेतले होते. तिथे घरातल्या मोरीला वापरतात ते, शिरक्यासारखा आंबट वास येणारे सिलिकॉन भरले गेले. तो वास ॲसेटिक आम्लाचा असतो. सिलिकॉन सुकताना ते बाहेर पडते आणि उघड्या लोखंडाला खाते. दोन पावसाळ्यांनंतर बूच काढून पाहिले तेव्हा भोकाच्या कडेचा पत्रा बोटाने मोडत होता. तेव्हापासून मी पत्र्यावर पॉलियुरेथेन, किंवा फार तर आंबट वास नसलेले न्यूट्रल सिलिकॉन, याखेरीज काही वापरत नाही. दोन लुगद्या मळून लावायची एपॉक्सीही इथे नको. ती दगडासारखी कडक होते, दार प्रत्येक वेळी आपटताना पत्रा किंचित लवतो आणि तिला केसाएवढी भेग पडते. ती भेग डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला मात्र पुरते.

सीलंटची ३ ते ४ मिलीमीटर जाडीची सलग रेघ भोकाभोवती, कुठेही न तोडता, वर्तुळ पूर्ण करून ओढावी. खाच असल्यास ती आधी भरून घ्यावी. रबरी चकतीसह बूच सरळ दाबून बसवावे, आतून चकती आणि बोल्ट लावावा, आणि रबराची कड किंचित बाहेर फुगेपर्यंतच आवळावा. त्याहून जास्त आवळले तर सगळे सीलंट पिळून बाहेर पडते आणि आत काहीच उरत नाही. बाहेर आलेले सीलंट लगेच पुसावे. पॉलियुरेथेन हवेतील ओलाव्याने घट्ट होते, साधारण दिवसाला ३ मिलीमीटर खोलीपर्यंत. त्यामुळे हवा दमट असल्यास ते लवकर धरते, पण ज्या पत्र्यावर ते लावायचे तो मात्र पूर्ण कोरडाच हवा. उघड्या उन्हात हे सीलंट हळूहळू भुरभुरते, म्हणून ते बुचाच्या डोक्याखाली झाकलेले राहिले पाहिजे.

काचेतील भोक बुजवणे

काचेच्या बाबतीत एक नियम सर्वांच्या वर आहे. कडक केलेली काच घासता येत नाही, कापता येत नाही, तिचे भोक मोठेही करता येत नाही. झाकणच भोकाच्या मापाचे करून घ्यावे लागते. बाहेरून आणि आतून नायलॉनच्या दोन चकत्या, प्रत्येकीखाली मऊ ईपीडीएम रबर, आणि मधून जाणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या ६ मिलीमीटरच्या बोल्टावर नायलॉनची नळी, अशी रचना करावी, म्हणजे धातूचा कोणताही भाग काचेला शिवणार नाही. बोल्ट बोटांनी घट्ट होईल तेवढा फिरवून पान्याने जेमतेम पाव फेरा द्यावा. आतली चकती काच गरम करणाऱ्या तपकिरी रेघांवर येत असल्यास ती लहान करून घ्यावी. त्या रेघा खरवडल्या गेल्या तर हिवाळ्यात सकाळी दवाने धुरकटलेली मागची काच स्वच्छ होणार नाही. दांडा काचेतून आणि मोटार पत्र्यावर असा तिसरा प्रकार असेल, तर आतल्या पत्र्यातील भोक साध्या रबरी बुचाने आणि सीलंटने आधी बंद करावे.

पाण्याची परीक्षा

सीलंट लावल्यावर किमान चोवीस तासांनी, आतले पॅनेल न बसवताच, परीक्षा घ्यावी. एका माणसाने टॉर्च घेऊन आत बसावे, भोकाच्या खाली जुने वर्तमानपत्र पसरावे, आणि दुसऱ्याने बागेच्या साध्या नळीने पाणी सोडावे. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने सुरुवात करू नये, कारण तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो आणि खरे काय ते कळत नाही. पाणी आधी दाराच्या खालच्या भागावर पाच मिनिटे, मग भोकावर, मग काचेच्या वरच्या कडेवर अशा क्रमाने न्यावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे वाहते आणि गळती नेमकी कुठली हे ओळखता येत नाही. वर्तमानपत्रावर एक थेंब पडला तरी त्याचा माग वरपर्यंत काढावा. तो भोकाचा नसून मागच्या दिव्याच्या किंवा दाराच्या रबराचा असू शकतो. दाराच्या खालच्या कडेला असलेली पाणी निघून जाण्याची बारीक छिद्रेही याच वेळी मऊ तारेने मोकळी करावीत. ती कधीही बुजवू नयेत.

सगळे कोरडे राहिल्यावर प्लास्टिकचा कागद परत चिकटवावा, तुटलेल्या क्लिपा बदलून पॅनेल बसवावे, आणि बॅटरी जोडून मागचा दिवा, काच गरम करणारे बटण आणि दाराचे कुलूप तपासावे. मग दांडी ढकलून मागचे पाणी सोडून पाहावे आणि छताच्या अस्तराला हात लावून ते कोरडे असल्याची खात्री करावी. काढलेली मोटार, हात, नट आणि रबरी कडे एका डब्यात एकत्र ठेवावे, त्यावर गाडीचे नाव आणि वर्ष लिहावे.

पहिल्या मोठ्या पावसानंतर डिकीतील गालिचा उचलून स्टेपनीचा खड्डा हाताने चाचपून पाहावा. पाणी कुठूनही आले तरी शेवटी तिथेच उतरते. तसेच पुन्हा एकदा पावसाळ्याच्या शेवटी, नवरात्राच्या सुमारास, पाहावे. त्या वेळीही खड्डा कोरडा असेल तर सीलंटला पुन्हा हात लावण्याची गरज नाही.